दारास नाही कडी

गंगावेस, कोल्हापूर
३ जून १९९६

अक्का,

गोमटेशचा जय जिनेंद्र.

आधी हे सांग, तू लग्नात जेवलीस का नाहीस? पंगतीत तुला शोधत मी हॉलभर फिरलो. शेवटी त्रिशला म्हणाली, "वन्सं मघाच गाडीत जाऊन बसल्यात." पोटच्या पोरीची पाठवणी व्हायच्या आत आई गाडीत जाऊन बसते, हे कुठं ऐकलंय का? मी गाडीपाशी आलो तर तू काच वर केलीस. माझ्यावर काच! तुझ्यासाठी आणलेला पितळी हंडा हॉलच्या कोपऱ्यात तसाच राहिला. तो मी रिक्षातनं परत दुकानात आणला. त्यावर तुझं नाव कोरलंय, आता तो दुसऱ्या कुणाला विकताबी येत नाही.

मुरगूडला फोन केला तर दाजी उचलतात आणि "ती कामात हाय" म्हणून ठेवून देतात. आठवडाभर बाईमाणूस एवढं कसल्या कामात असतंय?

काल त्रिशलानं सांगितलं म्हणून कळलं. सगळं माझ्या मंगलाष्टकावरनं पेटलंय म्हणे. अक्का, मी आजवर आपल्या समाजातल्या किती लग्नांची मंगलाष्टकं लिहिली असतील! लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी लोक दुकानात येतात. काकाचं नाव घाला, मावशीचं घाला, अमेरिकेतल्या भाच्याचं विसरू नका. मी भांड्यांवर नावं कोरता कोरता ती सगळी नावं वृत्तात बसवून देतो. आजवर एकानं तक्रार केली न्हाई. आणि सख्ख्या भाचीच्या, आदितीच्या लग्नात मी पोरीच्या पाठीशी मामा म्हणून उभा, हातात माईक, गुलाबी कागदावर छापलेले श्लोक सगळ्यांच्या हातात, आणि नेमका तिथंच घोटाळा!

ती ओळ तुझ्यापुढं परत मांडतो: "मामाच्या घरि ये कधी सहज तू, दारास नाही कडी."

यात वाईट काय, ते मला तू एकदा समजावून सांग. व्याही म्हणाले, "लग्नाच्या दिवशीच पोरगी परत यायची भाषा? अपशकुन केलासा." अहो, परत नव्हे, सहज! "सहज" शब्द आहे की त्यात! पण त्यांना "परत"च ऐकू आलं.

खरं सांगू का? वरची ओळ "राहो सुखाची घडी" अशी संपत होती. घडीला यमक काय जुळवणार? वडी, छडी, उडी. दारास नाही वडी म्हणू का छडी म्हणू? कडी बसली, वृत्त जुळलं, मी पेन खाली ठेवलं. त्यात अर्थबिर्थ काही नाही, घडीला कडी जुळवली. हे मी जिनेश्वराची शपथ घेऊन लिहितो. दाजींनाही सांग.

हंडा कधी पाठवू ते कळव.

तुझा,
गोमटेश

गंगावेस, कोल्हापूर
१६ नोव्हेंबर १९९६

अक्का,

भाऊबीजेला तू येणार नाहीस हे मी धरूनच चाललो होतो. म्हणून मीच आलो. एसटीतनं हंडा मांडीवर घेऊन आलो. तुझ्या बाहेरच्या सोप्यात बसून दाजींच्या हातचा चहा पिऊन परत गेलो, हे तुला कळलंच असेल, कारण तू आतच होतीस.

"अक्का मळ्यात गेलीया," दाजी म्हणाले.

अक्का, तुझ्या चपला दारातच होत्या. आणि आत कुणीतरी भाकरी थापत होतं. तुझी भाकरी थापायची लय मला ठाऊक आहे. लहानपणी तू थापायला लागलीस की मी त्यावर डोलायचो, असं अव्वा सांगायची. मला वृत्ताचा कान त्यातनंच आला असणार.

मी दाजींना म्हटलं, "व्याह्यांचा गैरसमज झाला, तुमचा तर न्हाई न्हवं?"

तर दाजी म्हणतात, "आमचा गैरसमज न्हाई, समजच झालाय. तुझ्या दाराला कडी न्हाई, म्हंजे आमच्या दाराला हाय, असंच न्हवं? पोरगी आमच्यात कोंडून ऱ्हाती असं चार माणसांत माईकवरनं सुचवलास तू."

व्याह्यांनी एक अर्थ काढला, दाजींनी दुसराच. ओळ एवढीशी! मी दाजींना यमकाचं सांगितलं, वृत्ताचं सांगितलं, हातावर मात्रा मोजून दाखवल्या. ते म्हणाले, "तुला एवढं जुळवाय येतंय, तर दुसरं काय जुळलं नसतं व्हय?"

मी कपबशी खाली ठेवली आणि निघालो. एसटीत बसल्यावर सुचलं. दुसरं जुळलं असतं, अक्का. "राहो सुखाची घडी, माहेरची चौकडी" असं काहीतरी रेटून जुळवता आलं असतं. पण मला कडीच सुचली. का सुचली, हे मला कोण सांगणार?

ते जाऊ दे. व्याह्यांचा राग मला कळला. दाजींचाही, म्हणजे कळला नाही पण ऐकला. तुझा राग कुठला? तू त्या दोघांच्या बाजूनं रागावलीस, का तुझा आणखी तिसराच काही अर्थ आहे? एक कार्ड टाक. शिव्या दिल्यास तरी चालतील, पण लिही.

हंडा दाजींनी ठेवून घेतला नाही. तो परत माझ्या मांडीवरच आला.

गोमटेश

गंगावेस, कोल्हापूर
९ फेब्रुवारी १९९८

अक्का,

तू उत्तर देत नाहीस तरी मी लिहितो. एक गंमत झालीय आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गंमत का कटकट, तेच मला अजून ठरवता येत नाही.

ती ओळ गाजली.

गेल्या लगीनसराईत एकजण घागर घ्यायला आला. नाव काय कोरू विचारलं, तर म्हणाला, "नावाबरोबर ते तुमचं दारास नाही कडी बी घाला. पोरगी सासरी निघालीया." कुठनं ऐकलं म्हटलं, तर म्हणे आमच्या भावकीतल्या लग्नात कुणीतरी म्हणलं. माझी ओळ, माझं नाव न घेता गावोगाव फिरतेय! मग दुसरा आला, तिसरा आला. आता मला ती ओळ डोळे झाकून कोरता येते.

आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा, अक्का! बस्तीत देवाच्या दर्शनाला गेलो तर एक म्हातारी म्हणाली, "देवाच्या दाराबद्दल लिव्हलास बघ पोरा, पुण्य लागंल." शिरोली एमआयडीसीपाशी एकानं हॉटेल काढलंय, त्याच्या पाटीवर लिहिलंय: दारास नाही कडी, चोवीस तास सेवा. तिथं ट्रकवाले माझ्या ओळीखाली बसून मिसळ खातात. मी उतरून सांगणार होतो की बाबा, हे एका पोरीच्या लग्नात लिहिलंय. मग म्हटलं, काय सांगायचं? कुणाला सांगायचं?

परवा संघप्रिया मॅडम आल्या होत्या. कॉलेजात मराठी शिकवतात, त्यांच्या आईच्या नावानं विहारात द्यायला तांब्या घेत होत्या. त्यांच्यापुढं मी सगळं गाऱ्हाणं मांडलं. म्हटलं, मॅडम, लिहिणारा मी, मी जिवंत आहे, दुकानात बसलोय, आणि मला कुणी विचारतच नाही की तुझ्या मनात काय होतं.

त्या हसल्या. "अण्णा, भांडं विकल्यावर गिऱ्हाइकानं त्यात पाणी भरायचं का दूध, हे तुम्ही सांगता का?"

मी म्हटलं, "सांगत न्हाई. पण बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं नि कळकलं, की भांडणाला माझ्याकडंच येतात की!"

यावर त्यांनी तांब्या पिशवीत घातला आणि निघाल्या. मला वाटलं, मी जिंकलो. रात्रभर मग विचार करत पडलो की कळकलं असेल तर ते ताकामुळं का पितळेमुळं? का मी कल्हईच केली नव्हती?

असो. आता खरी बातमी. दुकानातली मंडळी मागंच लागलीत की ही ओळ घराच्या दारावर रंगवून घ्या. जोतीराम पेंटरला सांगितलंय. निळ्यावर पांढरी अक्षरं. अप्पांनी बसवलेल्या जुन्या दाराच्या वरच्या फळीवर. येत्या रविवारी काम धरतोय. तू बघायला यावंस, एवढीच इच्छा.

गोमटेश

गंगावेस, कोल्हापूर
२१ फेब्रुवारी १९९८

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. दीड वर्षानंतर तुझं अक्षर बघितलं आणि आनंद व्हायच्या आत वाचून झालं.

जोतीरामला परत पाठवलं. तो रंग-ब्रश घेऊन आला होता. मी दारात उभा राहून म्हटलं, आज नको. तो म्हणाला, मग कधी? मी म्हटलं, कधीच नको. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मला उन्हाचं काही झालंय.

तुझं कार्ड मी पाठ केलंय. तू लिहितेस:

"त्या दारावर ती ओळ लिवू नको. लगीन झाल्यावर पहिल्या साली मी मुरगुडातनं चालत आलतो. अंगावर वळ हुते. अप्पांनी मला बघितलं आनि आतनं कडी लावली. अव्वा आत रडत हुती. मी पायरीवर बसलो, मग परत गेलो. हेच दार. तूबी आतच हुतास. आनि आता माईकवरनं सांगतोस दारास न्हाई कडी. लाज कशी वाटली न्हाई."

अक्का, मला हे ठाऊक नव्हतं. अप्पांनी सांगितलं नाही, अव्वानं सांगितलं नाही. मी चार वर्षांचा होतो की गं! आत होतो म्हणतेस, तर असेन. पण मला त्यातलं काही आठवत नाही. पायरी आठवत नाही, वळ आठवत नाहीत. दाजी म्हणजे मला लहानपणापासून साखरेच्या चिमण्या आणणारा माणूस. त्यांनीच तुला मारलं होतं? मला वाटलं होतं तू त्यांच्या बाजूनं रागावलीस!

तू असं का समजतेस की मी ठरवून टोमणा मारला? हे लिहिताना मला पहिल्यांदा राग आला आणि मग दारापाशी गेलो. तीच लोखंडी कडी आहे. अप्पांनी गावातल्या लोहाराकडनं करून घेतलेली. मी ती रोज लावतो. इतकी वर्षं रोज लावतो, आणि लग्नाच्या श्लोकात मी लिहितो की ती नाहीच! हे मी का लिहिलं, अक्का? यमकासाठी लिहिलं. मला तेवढंच ठाऊक आहे. पण आता मला माझीच खात्री वाटेनाशी झालीय. चार वर्षांच्या पोरानं काही ऐकलं असेल आणि ते आत कुठंतरी राहिलं असेल, असं होतं का? संघप्रिया मॅडमना विचारावं म्हटलं, पण हे कुठल्या तोंडानं विचारायचं?

मला माफ कर म्हणावं, तर कशाबद्दल ते कळत नाही. माफ करू नको म्हणावं, तर तेही बरोबर वाटत नाही.

त्या पायरीवर तुला कुणी पाणी तरी दिलं का?

गोमटेश

कोल्हापूर
५ मे २०००

अक्का,

लहानच पत्र. मी मंगलाष्टकं लिहायची बंद केली. परवा एकाकडचं लिहीत होतो, "वंशवेल बहरो" लिहिलं आणि हात थांबला. उद्या त्या पोरीला मूल झालं नाही तर? "सासूबाई आईसमान" लिहिलं, ते खोडलं. "जय जिनेंद्र" एवढंच उरलं. ते गिऱ्हाईक म्हणालं, अण्णा, एवढ्यावर लग्न कसं लागायचं?

त्रिशला म्हणते, बरं झालं, डोक्याची कटकट गेली. तिला माझे श्लोक कधीच आवडले नव्हते, हे तिनं आता सांगितलं. तीस वर्षांनी.

आदितीकडं गेलतो जयसिंगपूरला. पोरगी हसली नाही. मूल नाही म्हणून सासू टाकून बोलते, असं वाटलं. अभिनंदन, तिचा नवरा, सगळा वेळ पेपर वाचत होता. मी काही विचारलं नाही. तू काही विचारलंस का?

गोमटेश

कोल्हापूर
१२ ऑगस्ट २००३

अक्का,

हे पत्र मिळताच उत्तर दे. कार्ड नको, पत्र नको, फोन कर, तूच कर.

आदिती माझ्याकडं आलीय. काल दुपारी त्रिशला दळण घेऊन गिरणीतनं आली, तर ही सोप्यात बसलेली. डावा हात गळ्यात बांधलेला. दार नुसतं ओढलेलं होतं, ढकलून आत आली. मला दुकानातनं बोलवलं. मी म्हटलं, "काय झालं गं?" तर तिनं पिशवीतनं लग्नातला तो गुलाबी कागद काढला. घड्या पडून फाटायला आलाय. म्हणाली, "मामा, तुम्हीच लिहिलं होतंसा. मी आले."

अक्का, मी तिला काय सांगू? अगं बाळे, ते यमक होतं, असं सांगू?

अभिनंदननं हात मुरगळला. पहिल्यांदा नव्हे. डॉक्टरला सांगितलं, न्हाणीत घसरली. सात वर्षं ती हा कागद कपाटात साड्यांखाली ठेवत होती. मार खाल्ला की काढून वाचायची. व्याह्यांना त्यात अपशकुन दिसला, दाजींना टोमणा, तुला लाज, त्या हॉटेलवाल्याला मिसळ. तिला यात माझा शब्द दिसला. लिहिणाऱ्याला सोडून सगळ्यांना काही ना काही दिसलं!

येत्या रविवारी बैठक आहे, माझ्याच घरात. व्याही येणार, अभिनंदन येणार, दाजी येणार. मध्यस्थ म्हणून आपले बाबगोंडाअण्णा. दाजी फोनवर म्हणाले, पोरीला समजावून परत धाडायची. आदिती म्हणते, मामा सांगतील तसं. सगळं माझ्यावर आलंय. मी भांड्याचा दुकानदार, अक्का, मला लोकांची नावं कोरता येतात, त्यांचं नशीब नव्हे.

तू तिची आई आहेस. तू काय म्हणतेस?

गोमटेश

कोल्हापूर
१८ ऑगस्ट २००३

अक्का,

तुझा फोन आला नाही. मी रविवारी सकाळपर्यंत फोनपाशी बसलो होतो. आता बैठकीत काय झालं ते सगळं तुला लिहितो, दाजींनी सांगितलं असलं तरी. त्यांनी वेगळं सांगितलं असेल.

सगळे सोप्यात बसले. आदिती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, त्रिशला तिच्या मागं. व्याह्यांनी सुरुवातच ओळीपासून केली. "तुमच्या त्या शायरीनं पोरीच्या डोक्यात भरवलं. नवराबायकोत भांडणं कुठं होत न्हाईत? पण हिला पहिल्या दिवसापासनं दार दाखवून ठेवलंय."

आदितीनं मध्येच कागद पुढं केला. "मामांनी छापून दिलंय," एवढंच बोलली.

बाबगोंडाअण्णा मोठा माणूस, त्यांनी तो कागद चष्मा लावून वाचला. म्हणाले, "आपण भांडून काय उपेग? लिवणारा हितंच बसलाय. गोमटेश, तूच सांग. हे लिवताना तुझ्या मनात काय हुतं? तू सांगशील तो अर्थ."

अक्का, इतकी वर्षं मी वाट बघत होतो की कुणीतरी हे मला विचारावं. आणि विचारलं ते कुठं!

मी तोंड उघडायच्या आत दाजींनी खिशातनं इनलँड काढलं. माझं पत्र. तुला लिहिलेलं, लग्नानंतरचं पहिलं. म्हणजे माझी पत्रं ते वाचत होते, जपूनही ठेवत होते. मोठ्यानं वाचलं: "त्यात अर्थबिर्थ काही नाही, घडीला कडी जुळवली. हे मी जिनेश्वराची शपथ घेऊन लिहितो." मग कागद खाली ठेवून म्हणाले, "झालं? शपथेवर लिवलंय. आता पोरीला सांग आनि मोकळा हो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अभिनंदननं पहिल्यांदा मान वर केली. आदिती माझ्याकडं बघतच नव्हती. ती कागदाची घडी घालत होती, एका हातानं, आणि ती नीट पडत नव्हती.

खरं सांगायचं तर दाजींचंच खरं होतं. मनात काही नव्हतं. मी खोटं बोलायचं म्हणूनही बोललो नाही. काय बोललो ते मलाच नंतर त्रिशलानं सांगितलं. मी म्हटलं, "दाजी, ते पत्र बी मीच लिवलंय. तवा मला कळलं नव्हतं. ही पोरगी सात वर्षं वाचत बसलीया, तिला माझ्यापेक्षा जास्त कळलंय. तिनं वाचलंय तसंच हाय ते."

व्याही उठले. दाराकडं बोट केलं. "तसंच हाय? मग ही काय लोंबतीया?"

कडी. अप्पांची कडी. सगळ्यांनी वळून बघितलं. मला इतकं शरमल्यासारखं झालं! लिहायचं एक आणि दारात लोंबतंय दुसरं. तेवढ्यात त्रिशला आतनं आली आणि माझा कोरायचा हातोडा आणि छिन्नी माझ्या मांडीवर ठेवली. माझ्या श्लोकांना नाकं मुरडणारी बाई! म्हणाली, "बघत काय बसलासा? काढा की."

मग मी चार माणसांच्या देखत कडी काढायला लागलो. अक्का, ती निघेना! मी घाव घालतोय, घामाघूम झालोय, आणि बैठक बसून बघतेय. बाबगोंडाअण्णा म्हणतात, खालनं मार. शेवटी दाराच्या फळीचा वीतभर तुकडा घेऊनच ती बाहेर आली. आता दाराला भगदाड पडलंय.

मग बाबगोंडाअण्णांनी टोपी घातली. "चला," म्हणाले, "अर्थ सांगितला त्यानं."

व्याही आणि अभिनंदन पाय आपटत गेले. दाजी पायरीवर जरा वेळ उभे राहिले. मग चपला घालून निघून गेले.

आदिती आता आतल्या खोलीत झोपलीय. दार लागत नाही म्हणून त्रिशला मोडीच्या पितळेचं पोतं दाराला टेकवते आणि मला बोल लावते. मला अजून कळत नाही, मी बरोबर केलं का? तू तिची आई, तुला न विचारता केलं. आणि त्या ओळीचा अर्थ आता नक्की कुठला? मी शपथेवर लिहिलेला, का चारचौघांत बोललेला? तू सांग. तू रागावलीस तर तसं सांग.

गोमटेश

मुरगूड
२३ ऑगस्ट २००३

चि. गोमटेश,

अक्काचा आशीर्वाद. तुजी सगळी पत्रं मला मिळाली. ह्यांच्या हातनं मिळाली, पन मिळाली.

पोरीनं आदी मला फोन केलता. मी म्हनलो, ऱ्हा तितंच, सोस. अप्पांनी मला जे केलं तेच मी केलं. मग ती तुज्याकडं आली. म्हनून तुला फोन कराय माजं तोंड नव्हतं.

तू इचारतोस अर्थ कुठला. मला ह्यातलं काय कळत न्हाई. पन एक सांगतो. त्या दिवशी मी पायरीवर बसलो तवा दाराच्या फटीतनं आत दिसत हुतं. तू अक्का अक्का करून वरडत हुतास आनि कडीसाटी उड्या मारत हुतास. तुजा हात पुरत नव्हता. अप्पांनी तुला उचलून आत नेलं. तुला आठवत न्हाई म्हनतोस, नसंल. मला आठवतंय. रागात मी तेवढंच लिवायचं ठेवलं, तू आतच हुतास म्हनून.

ती ओळ तू आदितीला लिवली न्हाईस. मला लिवलीस. तुला म्हायती नसलं तरी मी तसंच धरून चालतो.

हात पुरला तुजा.

सोमवारी पयल्या एस्टीनं येतो. हे काय म्हनत्यात ते मी बघितलं न्हाई. हंडा घासून ठिव. ती कडी मोडीत घालू नको, मला बघायची हाय. ते पोतं जरा बाजूला सरकवून ठिवा. मी दार ढकलून येतो, कुनी उठू नका.

अक्का